टस्कनीत दोघांची सायकल सफर, सोबत तंबू : मदत हवी आहे

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी आणि नवरा इटलीत फ्लोरेन्स-सिएना-माँताल्चीनो-पिएन्झा असे आठ दिवस सायकलवर. सामानासकट प्रत्येक सायकल ३२ किलो. गिअरचे दात पुढे ५०/३४, मागे ११-२८, टायर २८ मिमी रुंद. रोज ७०-८० किमी धरलेत. जमेल का? तंबू कुठेही ठोकता येतो का? आणि विमानात गॅस चालत नाही, मग चहाचं काय?

प्रतिसाद १
७० विसरा, ४५ धरा. तिथले चढ लांब नसतात, पण १०-१२ टक्क्यांचे असतात आणि दिवसभर संपत नाहीत. गावं सगळी टेकडीच्या माथ्यावर. माँताल्चीनो ५६४ मीटरवर आहे, म्हणजे मुक्कामाला पोचायचा चढ दमल्यावरच येतो.

तुमचा सगळ्यात हलका गिअर ३४/२८. पेडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या ठेवायच्या तर ताशी ९ किमी वेग हवा. एवढ्या ओझ्यासह चढावर तो टिकत नाही. मग फेऱ्या ३५ वर येतात आणि गुडघे बोलायला लागतात. मागे ११-३४ कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) घाला. सामानातले पाच-सहा किलो काढलेत तर आणखी बरं.

२८ चे टायर डांबरावर ठीक. पण खरी मजा पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर, ज्यांना तिथे 'स्त्रादे बियांके' म्हणतात. त्यावर ३८ मिमी हवेत. फ्रेममध्ये बसतात का, ते आधी बघा. दोन्ही बाजूंना ५ मिमी तरी फट राहिली पाहिजे. सिएनाच्या दक्षिणेची माती चिकण. पाऊस पडला की आपल्या काळ्या रानासारखी मडगार्डात भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. त्या दिवशी मुकाट डांबरी रस्ता धरा. मात्र कासिया हमरस्ता टाळा, ट्रक फार.

प्रतिसाद २
कुठेही तंबू ठोकू नका, दंड होतो. कॅम्पिंगच्या जागा पिएन्झाभोवतीच्या ओर्चा खोऱ्यात मोजक्याच आहेत आणि काही सप्टेंबरअखेर बंद होतात. तारखा आधी बघा. तिथे एक-दोन रात्री शेतघरात, म्हणजे 'आग्रितुरिस्मो'त काढा. व्हिसासाठी मुक्कामाचे पुरावे लागतातच, त्यामुळे बुकिंग वाया जात नाही.

चहासाठी स्पिरिटचा स्टोव्ह न्या. 'आल्कोल देनातुरातो' नावाचं गुलाबी स्पिरिट तिथल्या सुपरमार्केटात साफसफाईच्या सामानाजवळ मिळतं. अर्धा लिटर पाण्याला साधारण ३० मिली. उन्हात ज्योत दिसत नाही, म्हणून स्टोव्ह पुरता थंड झाल्याशिवाय पुन्हा भरायचा नाही. गॅसच हवा असेल तर आट्यांची (फिरवून बसवायची) डबी फ्लोरेन्समध्येच घ्या. खेड्यात बहुधा भोक पाडून लावायची मिळते, ती आट्यांच्या स्टोव्हला बसत नाही. वाणसामान दुपारी एकच्या आत उरका, नंतर चारपर्यंत दुकानं बंद.

पिएन्झाहून फ्लोरेन्सला सायकलने परतू नका. मोंतेपुल्चानोवरून किउझीला उतरा आणि तिथून 'रेजोनाले', म्हणजे प्रादेशिक रेल्वेगाडी पकडा. सायकलचं चिन्ह असलेल्या गाडीतच सायकल चालते, तिचं वेगळं तिकीट काढावं लागतं. वेगवान गाड्यांत ती सुटी करून पिशवीत भरावी लागते.

धागाकर्ती
धन्यवाद! मागचं डिरेलर (गिअर बदलणारा भाग) शॉर्ट केज आहे, म्हणजे चेन ताणून धरणारा त्याचा सांगाडा आखूड आहे. नुसती कॅसेट बदलून भागेल?

प्रतिसाद १
नाही. लाँग केज डिरेलर आणि जास्त कड्यांची नवी चेनही घ्या. जुनीच चेन ठेवली आणि चुकून मोठ्यावर मोठा गिअर पडला, म्हणजे चेन पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर गेली, तर ती ताणून हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकवते. बदलल्यावर नेमका तोच गिअर स्टँडवर टाकून बघा. केज थोडी तरी पुढे ओढता आली पाहिजे. एक सुटा हँगर सोबत असू द्या, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो.