मदत हवी आहे: हर्पिस बायकोपर्यंत पोहोचू नये म्हणून काय करू?

नमस्कार. हे लिहायला तीन दिवस धीर होत नव्हता.

मागच्या महिन्यात लघवीच्या जागी पाण्याने भरलेले बारीक फोड आले. दोन दिवसांत फुटले, लघवी करताना डोळ्यांत पाणी यायचं. स्वॅबमध्ये एचएसव्ही-२, म्हणजे हर्पिसचा विषाणू निघाला. गोळ्यांनी जखमा भरल्या. बायकोला त्याच रात्री सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "आता पुढचं बघू." तिची आयजीजी तपासणी (रक्तातल्या अँटिबॉडीची) लगेच केली, निगेटिव्ह आली.

फोड किंवा खपली असेपर्यंत संबंध नाहीत, आणि मुंग्या-चुरचुर जाणवली की तेव्हापासूनच बंद, हे डॉक्टरांनी सांगितलंय. पण कातडी स्वच्छ दिसत असतानाही विषाणू बाहेर पडतो, हे कळल्यापासून तिच्याजवळ जायचीच भीती वाटते. माझा टॉवेल वेगळा केलाय, संडासाची सीट दरवेळी पुसतो. त्यात आम्हाला मूल हवंय, म्हणजे कंडोम कायम वापरता येणार नाही. कोणी यातून गेलंय का?

प्रतिसाद
आमच्याकडे मला आहे, नवऱ्याला नाही. सात वर्षं झाली. टॉवेल आणि सीटची काळजी आधी सोडा, हा कातडीला कातडी लागून पसरतो.

डॉक्टरांना रोजच्या गोळीबद्दल विचारा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, १४८४ जोडप्यांवरच्या अभ्यासात रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर (हर्पिसच्या विषाणूवरचं औषध) घेतल्याने जोडीदाराला होणारी लागण जवळपास निम्म्यावर आली. जोडीला कंडोम हवाच, पण तो झाकतो तेवढ्याच भागापुरता. मूल हवं असेल तर गोळी चालू ठेवून फक्त बीज सुटण्याच्या दिवसांत विनाकंडोम, असं आम्हाला सांगितलं होतं.

खरी जपणूक गरोदरपणात. शेवटच्या तीन महिन्यांत आईला नव्याने लागण झाली तर बाळाला सगळ्यात जास्त धोका असतो. तेव्हा संबंध टाळलेलेच बरे, तोंडानेही नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना तुमचं निदान आधीच सांगून ठेवा. आणि वहिनींची तपासणी तीन महिन्यांनी परत करा, अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो.

धागाकर्ता
ताई, मनापासून आभार. तिलाही वाचून दाखवलं. टॉवेल परत एकाच दांडीवर टाकलाय. एकच विचारायचं राहिलं, रोजची गोळी तुम्ही सलग किती वर्षं घेतलीत?