ओठ न मिटता सांगितलेली गोष्ट
अक्षर गाळून गोष्ट लिहिणं ही पाश्चात्त्यांची कसरत आहे, मराठीने ती उसनी का घ्यावी, असा आक्षेप काही जण घेतात; तो मला पटत नाही. जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने १९६९ साली फ्रेंचमधलं सगळ्यात जास्त येणारं अक्षर पूर्ण टाळून अख्खी कादंबरी लिहिली, हे खरं. पण त्याच्या हजाराहून जास्त वर्षं आधी दंडी या लेखकाने 'दशकुमारचरिता'च्या सातव्या उच्छ्वासात, म्हणजे प्रकरणात, हेच संस्कृतात केलंय. तिथे मंत्रगुप्त हे पात्र आपली कथा प, फ, ब, भ, म न वापरता सांगतो. का, तर प्रेयसीच्या दंतक्षतांनी, म्हणजे चावण्याच्या जखमांनी, त्याचे ओठ दुखतायत, ते मिटवत नाहीत, आणि ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत! मला हे फार मोलाचं वाटतं: बंधन लेखकाने बाहेरून लादलेलं नाही, ते पात्राच्या अंगावरच्या जखमेतून आलंय.

हे वाचून मी मराठीत दोन पानं तशी लिहून पाहिली. पहिला गेला तो 'मी'. मग 'माझं', 'पण', 'म्हणाला', 'पाणी', 'बाबा'. 'आई' मात्र राहिली. 'मी' नसूनही निवेदक हरवला नाही, कारण 'थांबले'मधला 'ब' अडला तरी 'गेले', 'राहिले', 'रडले' यांतून बोलणारी बाई आहे हे क्रियापदच सांगतं. आपल्या क्रियापदांत एवढं बळ आहे हे मला त्या दोन पानांनी दाखवलं, इतकी वर्षं लिहूनही ते जाणवलं नव्हतं. संवाद मात्र अवघड गेले. 'म्हणाली'च्या जागी दर वेळी 'सांगितलं' चालत नाही.