शैक्षणिक कर्जाची थकबाकी पगारातून कापा, असं बँकेचं पत्र आलंय

आस्थापना लिपिक, सोलापूर:
जिल्हा परिषदेच्या एका गुरुजींची मुलाच्या शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून सही आहे. हप्ते थकलेत. राष्ट्रीयीकृत बँकेनं थेट कार्यालयाला लिहिलंय, दरमहा ८,००० कापून पाठवा. पतसंस्थेचे हप्ते कापतोच, मग हे का नको?

लेखा शाखा, जुळे सोलापूर:
नुसत्या पत्रावर एक रुपयाही कापू नका. पतसंस्थेची कपात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ खाली होते. सभासदानं तसा करार लिहून दिलेला असतो. राष्ट्रीयीकृत बँक त्या कायद्याखालची संस्था नव्हे. पत्र आवकेला घ्या, प्रत गुरुजींना पोच घेऊन द्या. त्यांची लेखी संमती नसेल तर न्यायालयाचा आदेश आणा, असं बँकेला कळवा.

दरखास्तीचं काम पाहणारा:
बरोबर. पण हुकूमनामा (पैसे भरण्याचा न्यायालयाचा निकाल) होऊन दरखास्तीत, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात, पगारजप्तीचा आदेश आला, तर टाळाटाळ चालणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४८ खाली तो पगार काढणाऱ्या अधिकाऱ्यावर बंधनकारक असतो. न कापता पगार दिला तर ती रक्कम कार्यालयाच्या अंगावर येते.

हिशेब त्याच संहितेच्या कलम ६० चा. जप्तीतून सूट जाहीर झालेले भत्ते वगळून पगार ४६,००० धरा. पहिले १,००० सोडा, उरलेल्या ४५,००० चा एक तृतीयांश, म्हणजे जास्तीत जास्त १५,०००. चूक इथंच होते: सोसायटी, विमा वजा जाऊन हातात येणाऱ्या रकमेवर हा हिशेब करतात, तसा करायचा नसतो. भविष्य निर्वाह निधीला हात लावायचा नाही. एकाच हुकूमनाम्यात एकूण २४ महिने कपात झाली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा. महिन्यांची नोंद ठेवा, पुढं कुणी मोजत नाही आणि माणूस भरत राहतो.

आस्थापना लिपिक, सोलापूर:
आधीच दुसरी जप्ती चालू असेल तर?

दरखास्तीचं काम पाहणारा:
जप्तीयोग्य भाग पूर्ण कापला जात असेल, तर नवा आदेश चालू जप्तीच्या तपशिलासह तो काढणाऱ्या न्यायालयाकडं लगेच परत पाठवायचा. फायलीत पडू देऊ नका.

पंढरपूरकर:
गुरुजींना सांगा, कापत नाहीत म्हणून गप्प बसू नका. सहकर्जदाराची जबाबदारी मुलाइतकीच. बँकेकडून व्याज-दंडव्याजासह खातेउतारा मागा, दाव्याआधीच लोकअदालतीत हप्ते बांधून घ्या. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच, अपील नाही. झेपेल तेवढ्याच हप्त्यावर सही करा.