कर्नाळा, ऑक्टोबरचा पहिला रविवार: मुलं आणि सासूबाईंना घेऊन जावं का?

मुलुंडची_चिमणी

आम्ही दोघं, मुलं ७ आणि ११ वर्षांची, शिवाय सासूबाई (वय ६३, गुडघे ठणठणीत, रोज तासभर चालतात). पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यातला किल्ला करायचाय. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने पनवेल आणि पुढे एसटी असा बेत आहे. परतीचा पाऊस तोवर संपलेला नसणार हे गृहीत धरलंय. प्रश्न तीन. किल्ल्याच्या माथ्यावरच्या सुळक्याच्या बुडापर्यंत मुलांना नेता येईल का? वर असताना सर आलीच तर आडोसा कुठे? सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेल्या कोठ्या आहेत, त्या चालतील का? आणि छत्र्या घ्याव्यात की रेनकोट?

सोंडेवरचा_वारा

आधी आडोशाचं, कारण गफलत तिथेच होते. त्या कोठ्या म्हणजे वीज चमकत असताना उभं राहण्याची सगळ्यात वाईट जागा. शंभर-सव्वाशे फुटी सुळका उघड्या धारेवर एकटा उभा आहे. वीज पडली तर ती आधी त्याच्या माथ्यावर पडणार आणि ओल्या कातळावरून खाली उतरताना उथळ कोठीच्या तोंडाशी उभ्या माणसातून वाट काढणार. दुसरं म्हणजे जोरदार पावसात वरून सुटे दगड येतात. आणि तिसरं, आग्या मोहोळं. सुळक्याच्या कपारींत ती असतातच, आणि दहा माणसं आरडाओरडा करत खाली घुसली की माश्यांना ते आवडत नाही.

म्हणून वर आडोसा शोधायची वेळच येऊ द्यायची नाही. ऑक्टोबरात सकाळ बहुतेक स्वच्छ असते. ऊन तापलं की सह्याद्रीवर दुपारी ढग उभे राहतात आणि वरच्या थरातले पूर्वेचे वारे त्यांना संध्याकाळपर्यंत किनाऱ्याकडे ढकलतात. म्हणजे पाऊस समुद्राकडून नाही, पाठीमागून येतो. फोटो काढताना सगळ्यांची तोंडं पश्चिमेला असतात; एकाने तरी प्रबळगड-माणिकगडाच्या बाजूला नजर ठेवावी. कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत जाणारा ढग दिसला आणि त्याचा तळ काळवंडू लागला, की निघा, मग डोक्यावर निळं आभाळ असलं तरी.

वेळा अशा धरा: ७ च्या सुमारास अभयारण्याच्या गेटवर, लहान मुलांसह चढाईला दोन ते अडीच तास, १२ वाजता धार सोडलेली असली पाहिजे. साडेदहा वाजले आणि अजून कर्नाई देवीच्या देवळाशीही पोचला नसाल, तर तिथूनच मागे फिरायचं. हे घरी बसूनच ठरवा. वर गेल्यावर “आलोच आहोत तर” सुरू होतं.

मुलुंडची_चिमणी

बापरे, कोठ्यांचा बेत रद्द. पण ढग दिसला नाही आणि नुसताच गडगडाट ऐकू आला तर?

सोंडेवरचा_वारा

गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, एवढं पुरे आहे. चमक आणि आवाज यातले सेकंद मोजा. दर ३ सेकंदांना १ किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. पण आकडेमोड उतरता उतरता करा. धारेवरून खाली दाट, सारख्या उंचीच्या झाडीत या, एकट्या उंच झाडाखाली नको. पाच जणांनी घोळका न करता अंतर ठेवून थांबा, लोखंडी रेलिंगला हात नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर चढायचं नाही.

आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा बघताना मुंबईचा नको, रायगडचा बघा. नारिंगी किंवा लाल असेल तर बेत पुढे ढकला. पिवळ्याला सकाळी उठून पुढच्या तीन तासांचा अंदाज बघा. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असू द्या.

काळा_कातळ

मुलांबद्दल. धारेपर्यंत न्या, सुळक्याला अगदी खेटून नेऊ नका, थोडं अलीकडूनच तो छान दिसतो. अत्तर, डिओ, अगरबत्ती, सिगारेट, चूल यातलं काहीही नको, दगड भिरकावणं तर नकोच. माश्या उठल्याच तर बसून राहायचं नाही. ओढणीने किंवा टॉवेलने तोंड-डोकं झाकून झाडीच्या दिशेने निघायचं, हातवारे न करता. काटा अंगात राहिला तर नखाने लगेच खरवडून काढा. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८.

पायाखालचं जास्त महत्त्वाचं. कोरडा बेसॉल्ट (इथला काळा कातळ) बुटाला घट्ट धरतो. तोच सावलीत, पाझराखाली असेल तर हिरवट-काळं शेवाळ धरतो आणि पावसाचे चार थेंब पडले की साबण होतो. पाय ठेवायला खडबडीत, उन्हात असलेला दगड निवडा. चकचकीत दिसला तर टाळा. उतरताना मुरमाड घसाऱ्यावर पाय आडवे टाका आणि टाचेवर भार देऊन मागे रेलू नका, त्यानेच पाय सुटतात.

मुलांसाठी एकच नियम: मोठं माणूस कायम उताराच्या बाजूला. चढताना मुलाच्या मागे, उतरताना पुढे. काही जण मुलाच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक आपल्या कमरेला बांधतात. तसं करू नका, एक घसरला की दोघं जातात.

पाणी मोठ्यांना प्रत्येकी २ लिटर, मुलांना दीड. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात हे जास्त नाही. गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांतलं पाणी बघायचं, प्यायचं नाही. सासूबाईंना काठी द्या, चढाईला नाही, उताराला. क्रॉक्स आणि गुळगुळीत झालेले शाळेचे बूट घरी.

पोंचोवाली

छत्री गेटपर्यंत ठीक. धारेवर वाऱ्याने उलटते आणि एक हात अडवून बसते, घसाऱ्यावर हात मोकळे हवेत. सॅकवरून येणारा पोंचो (डोक्यातून घालायचा सैल रेनकोट) घ्या, पण मुलांचा गुडघ्याच्या वर संपेल असा. लांब असला तर उतरताना पायात येतो. कोरडा बनियन आणि मोजे प्रत्येकी एक जोडी, पिशवीत गाठ मारून. भिजून उतरल्यावर एसटीत खिडकीशी बसलं की मुलं कुडकुडतात, ती काही थंडीच्या महिन्यातली गोष्ट नाही.

पिशवीवरून आठवलं, अभयारण्य आहे, गेटवर प्लास्टिकची चौकशी होते. स्टीलच्या बाटल्या न्या.

पेणकडे जाणाऱ्या एसटीत चढण्याआधी कंडक्टरला विचारा, गाडी अभयारण्याशी थांबते का. परतीची गाडी कुठल्या बाजूला मिळते तेही सकाळीच बघून ठेवा. तो हायवे दमलेल्या मुलांना घेऊन ओलांडायचा म्हणजे वेगळंच धाडस.

काळा_कातळ

नारिंगी इशारा आलाच तर घरी बसायची गरज नाही, त्या दिवशी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी करा. शंभराहून जास्त लेणी, कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि टाकी, आणि इथे आडोसा खरा आहे: लेण्यात खोल आत जाऊन बसा, दाराशी नको. मधल्या ओढ्याला पाणी चढलं असेल तर पलीकडे जायचं नाही. सोमवारी उद्यान बंद असतं, तुमचा रविवार आहे म्हणजे फक्त गर्दी.

मुलुंडची_चिमणी

मग असं: शनिवारी रात्री रायगडचा इशारा, पिवळ्यापर्यंत कर्नाळा, नारिंगीला कान्हेरी. साडेदहाचा नियम सासूबाईंना सांगितलाय. घड्याळ त्यांच्याच हातात राहणार आहे, माझ्या नवऱ्याच्या नाही.