झडत्या म्हणजे कच्चा माल म्हणे!

तिफनवाला
परवा इथे आपल्या निवृत्त मास्तरांनी लिहिलं: "लोकगीतं, पोळ्याच्या झडत्या, भुलाबाईची गाणी हा सगळा कच्चा माल. सरकी काढल्याशिवाय कापसाची गाठ होत नाही, तसा लेखकाचा हात लागल्याशिवाय याचं साहित्य होत नाही. पाठ्यपुस्तकातली पानं यावर वाया घालवू नयेत." खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

मास्तर, पोळ्याला तोरणाखाली उभे राहिलात कधी? आमच्या गावात एक म्हातारे आहेत, सहीच्या जागी अंगठा उठवतात. यंदा तोरण तुटायच्या आधी बैलाच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी झडती टाकली:

काटा मारे व्यापारी, भाव पाडे सरकार,
बैल इचारे धन्याले, झूल कवा आननार?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

"महादेव" म्हणायच्या आधीच अख्खा पार हसला. सरपंचही हसले, आणि त्यांचा सख्खा भाऊच व्यापारी आहे. यात कोणत्या लेखकाचा हात लागायचा बाकी होता, सांगा.

आणि महानुभाव पंथाचं रिद्धपूर आपल्यापासून काही काशीइतकं लांब नाही. मराठीच्या पहिल्या गद्य ग्रंथात, लीळाचरित्रात, कावळ्याच्या शेणाच्या घराची गोष्ट आहे. आजीच्या मांडीवर ऐकलेली तीच. महदंबेचे धवळे तर सरळसरळ लग्नातली गाणी, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची. तेराव्या शतकात ज्यांना हा कच्चा माल चालला, त्यांच्याही जोरावर ३ ऑक्टोबर २०२४ ला आपण अभिजात झालो.

निवृत्त मास्तर
भावनेला पूर आला की काठ दिसत नाही. महदंबा व्युत्पन्न बाई होती, जात्यावर बसलेली कोणीही नव्हे. आणि धवळे टिकले ते गायले म्हणून नाही, लिहिले म्हणून. महानुभावांनी सांकेतिक लिप्यांत पोथ्या जपल्या. तुमच्या म्हाताऱ्यांची झडती पुढच्या पोळ्याला कोणाला आठवेल?

मी हयातभर उत्तरपत्रिका तपासल्या. "लोकसाहित्याचे महत्त्व" यावर पोरं तीन-तीन पानं भरतात. "लोकसाहित्य हा समाजाचा आरसा आहे", हे वाक्य दर पेपरात. तोंडी परीक्षेत म्हटलं, बाळा, एक ओवी म्हण. बाळ छताकडे पाहतो. या ढोंगाचा मला राग आहे, तुमच्या म्हाताऱ्यांचा नाही.

कडबाकुट्टी
मास्तर, उदाहरण चुकलं तुमचं. गाठ पेरून पराटी येत नाई, सरकी पेरून येते. म्हंजे बी कोनात हाये?

निवृत्त मास्तर
आता सरकी पेरतं कोण? २००२ ला बीटी आल्यापासून दरवर्षी दुकानातून पाकीट आणता ना सगळे? घरची सरकी ढेपेत गेली. तुमची लोकगीतंही तशीच गेली.

कडबाकुट्टी
हे मातर खरं बोलले. पन मंग पूर्न बोला. भुलाबाई काहून गेली? पोरी शिकल्या म्हनून नाई. ज्वारी गेली म्हनून. कोजागिरीले भुलोजी-भुलाबाईले पाच धांड्यांचं मखर लागते. माह्या शिवारात आज धांडा औषधाले नाई. सोयाबीनच्या कुटाराचं मखर बांधू का?

बांधावरचा
मग पेरा ना ज्वारी, कोणी हात धरला? २०२४-२५ चा हमीभाव ३३७१ होता, वर कडबा वेगळा.

कडबाकुट्टी
तुमी पेरली का? कागदावर पेरत असान. कनसात दाना भरला का पाखरं, खाली रानडुकरं, बाजूनं रोही, म्हंजे नीलगाय. सोयाबीनचा हमीभाव तवा ४८९२ होता अन् आमी इकलं त्याच्या खाली, तरी सोयाबीनच पेरतो, काहून का तीन-साडेतीन महिन्यात वावर मोकळं होते अन् हरबरा पेरता येते. हौस नाई, मजबुरी हाये.

बांधावरचा
राखण करायला नको, हे म्हणा. आमचे आजोबा दोन महिने शेतातल्या माळ्यावर झोपायचे, गोफण उशाला.

कडबाकुट्टी
आजोबा झोपले, तुमी कुठी झोपता? पंख्याखाली. रातभर जागली कराले मानूस पाचशे रुपये मांगते. द्या तुमी.

तिफनवाला
अरे, विषय काय चालला आहे?

कडबाकुट्टी
हाच इषय हाये. त्या माळ्यावरच तं गानी होती बावा. झोप येऊ नये म्हनून एक बुढा इकडून एक कडवं टाके, दुसरा नाल्यापलीकडून उत्तर दे. माळा गेला, गानं गेलं. लेखकाच्या हाताचं काय घेऊन बसले!

सासुरवाशीण
तुम्हा पुरुषांना गाणी गेल्याचं फार दुःख होतं. मला एकाच गोष्टीचं होत नाही, जात्याच्या ओव्यांचं. माझी सासू पहाटे चारला उठून दळायची. दोन बाळंतपणं, तरी जातं सुटलं नाही. उजवा खांदा शेवटपर्यंत वर जात नव्हता, वेणी मी घालून द्यायची. एकदा म्हटलं, आई, एक ओवी म्हणा. म्हणाल्या, "दयनाबिगर कायची ओवी? नुसती कशी म्हनू?" गावात चक्की आली त्या दिवशी त्यांनी चक्कीवाल्याला नारळ दिला होता.

जातं अजून आहे तुळशीपाशी. ज्यांना ओव्यांची हुरहूर आहे त्यांनी यावं, एक पायली ज्वारी दळून द्यावी. ज्वारी मिळाली तर.

भुलाबाईचं मात्र वाईट वाटतं. तो आमचा महिना होता, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत. डब्यातला खाऊ ओळखायचा, हरलेल्यांना चिडवायचं. आता पोरीच्या शाळेत पाटावर हत्तीचं चित्र मांडून "भोंडला" करतात. पोरगी घरी येऊन विचारते, आई, भुलाबाई म्हणजे भोंडल्याची गावठी बहीण का? मास्तर, निदान यासाठी तरी पुस्तकात एक पान पाहिजे की नको?

निवृत्त मास्तर
सूनबाई, तुमच्या सासूबाईंनी माझंच म्हणणं मांडलं. दळणाशिवाय ओवी नाही. म्हणजे ती कामाची सोबत आहे, कामापासून सोडवली की उरत नाही. साहित्य सोडवल्यावरही उरतं. एका पानाबद्दल… बघू.

झाडीकर
तुमच्या वऱ्हाडात मेलं म्हणून सगळीकडे मेलं का गा? आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की दंडारीचा खेळ, दिवाळीनंतर मंडईची जत्रा, अन् बैलांच्या शंकरपटाच्या रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या पहाटेपर्यंत खेळ करतात, तिकीट काढून लोक बसतात, थंडीत, तणशीवर. कोणत्या समीक्षकानं हात लावला होता?

निवृत्त मास्तर
त्या नाटकात मधेच सिनेमाच्या चालीवर नाच घुसतो, तेही लोकसाहित्य का?

झाडीकर
होय. लोकाले पाहिजे ते घुसते. दंडारीतही आधी नव्हतं ते घुसलंच होतं. तुमाले पोथीतली दंडार पाहिजे, ती घ्या पोथीत.

तिफनवाला
मास्तर, लिहिल्यानं टिकतं म्हणता ना, तर लिहिण्याची गोष्ट ऐका. माझ्या आईकडे एक संशोधक बाई आल्या होत्या. टेपरेकॉर्डर होता. आईनं तीन दुपारी महादेवाची गाणी म्हटली, पचमढीच्या वाटेवर म्हणतात ती. चहा केला, पोहे केले. एका गाण्यात तिनं स्वतःच्या नणंदेचा प्रसंग घातला होता, तो फक्त तिचा होता, गावातही कोणी म्हणत नव्हतं. सात वर्षांनी तो प्रबंध एका वाचनालयात सापडला. गाणं होतं. नणंदही होती. खाली लिहिलं होतं, "निवेदक स्त्री, वय अंदाजे ६०, निरक्षर." आई तेव्हा ५२ ची होती आणि चौथी पास.

मी तिला वाचून दाखवलं. तिला नावाचं काही नाही वाटलं. म्हणाली, "साठ काहून लिवलं रे?"

सासुरवाशीण
आईंचं नाव तुम्हीही लिहिलं नाही इथे.

तिफनवाला
…नाही लिहिलं.

बांधावरचा
ज्वारीचं बियाणं पाहिजे असेल तर माझ्याकडे आहे, दोन किलो. कडबाकुट्टी, पाच धांड्यांपुरती बांधाकडेला पेरा. रोही तेवढ्यासाठी येणार नाही.

कडबाकुट्टी
रोही तेवढ्यासाठीच येईन. पाठवा.

निवृत्त मास्तर
तिफनवाले, त्या झडतीत दुसऱ्या ओळीत "झूल कवा आननार" आहे की "झूल कधी घालनार"? वहीत उतरवून घेतोय. याचा अर्थ मी काही मान्य केलं असा काढू नये. आणि तुमच्या म्हाताऱ्यांचं नाव कळवा, खाली घालतो. वयही, विचारून.

तिफनवाला
आज पारावर गाठ पडली. वय विचारलं तर म्हणाले, "धरा शंभर." झडती वाचून दाखवली, तर म्हणतात, हे म्या कवा म्हटलं? मग तिथल्या तिथे दुसरी ऐकवली. पहिलीपेक्षा फक्कड आहे, पण इथे टाकता येत नाही. सरपंच वाचतात.