टाकीची लांबी वाढली म्हणून भिंत जाड करायची का?

कोथरूडकर: आमच्या सोसायटीत जमिनीखालची पाण्याची टाकी नव्याने बांधायचं चाललंय. जुनी ४ मीटर लांब होती, नवी ८ मीटर, खोली तीच ३ मीटर. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाणी डबल म्हणजे दाब डबल, म्हणून भिंत जाड, सळई जास्त आणि अर्थात बिलही. मला हे साफ चूक वाटतं. दाब खोलीवर ठरतो, पाणी किती आहे त्यावर नाही, गणितज्ञ सायमन स्टेविनने १५८६ मध्येच सांगून ठेवलंय. तळाशी चौरस मीटरला ३ टन, वर शून्य, सरासरी दीड, म्हणजे भिंतीच्या दर मीटरला साडेचार टन. टाकी ४ मीटरची असो नाहीतर ४०० ची!

जुनं_खोड: हे वहीत ठीक आहे हो. आमच्याकडे असंच टाकी लांब केली, भिंत जुन्याच मापाची ठेवली, दोन वर्षांत मधोमध उभी चीर. दाब सेम होता म्हणता, मग चीर काय हौस म्हणून गेली का?

सळईवाली: दोघंही अर्धे बरोबर. दाब सेमच, पण भिंत तो कुठे नेऊन टाकते ते बदलतं ना. ४ मीटरच्या भिंतीला दोन्ही बाजूच्या भिंती धरून ठेवतात, ८ मीटरला मधल्या भागापर्यंत त्यांचा आधार पोचतच नाही, तो सगळा भार तळाच्या आणि वरच्या स्लॅबवर, म्हणून मधे उभी सळई वाढते. डबल वगैरे काही नाही. मधे एक पडदी घाला, दोन कप्पे होतील, धुवायलाही सोपं. आणि जुनं_खोड, उभी चीर दाबाचीच असेल असं नाही, लांब भिंतीत काँक्रीट आकसतं तेव्हाही अशीच जाते.

कोथरूडकर: म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचं कारण चुकीचंच!

सळईवाली: कारण चुकीचं, सळई थोडी वाढणार हे बरोबर. खोली ४ मीटर केली असती तर मी त्याच्या बाजूने भांडले असते, साडेचारचे थेट ८ टन होतात आणि वर आधार नसेल तर तळाशी वाकवणारा जोर अडीच पटीच्या जवळ जातो.

काकवी_फॅन: "४०० ची असो" हे गोल टाकीला लावू नका बरं. तिथे पत्र्यावरची ताण दाब गुणिले त्रिज्या, व्यास वाढला की ताण वाढलीच. १५ जानेवारी १९१९, बोस्टन, मळीची टाकी फुटली, २१ माणसं गेली. ५० फूट उंच, ९० फूट व्यास, त्यात मळी पाण्याच्या जवळपास दीडपट जड आणि पत्रा पातळ. टेस्ट काय तर तळात ६ इंच पाणी भरून बघितलं!

जुनं_खोड: बघा! मी म्हणत होतो जाड करा.

काकवी_फॅन: अहो ती गोल होती, तुमची चौकोनी. मुद्दा काय, तुम्ही काय घेऊन बसलात.

सळईवाली: मला वेगळीच काळजी आहे. सगळे आतलं पाणी मोजताय. टाकी रिकामी असताना बाहेरून ओली माती आणि जमिनीतलं पाणी ढकलतं, आणि खालून टाकी उचलायला बघतं ते वेगळंच. डिझाइन दोन्ही बाजूंनी लागतं. कमिटी टाकी धुवायला रिकामी कधी करते?

कोथरूडकर: जुलैत. तेव्हा पाणी मुबलक असतं ना.