मुलीला नायिकेचे नाव द्यावे का?

देवगिरी (मूळ लेखन):
आमच्या घरी नात जन्मली असून मुलगा आणि सून तिचे नाव शर्मिष्ठा ठेवणार आहेत. माझा विरोध आहे. शर्मिष्ठा राजकन्या असून दासी झाली, शकुंतलेला पतीने भर दरबारात नाकारले आणि ‘एकच प्याला’तील सिंधूची दशा आपण सर्व जाणतो. ज्यांनी वाचले आहे त्यांनी तरी लेकीच्या कपाळी असली नावे लिहू नयेत. दोन अक्षरी, सोपे, गोड नाव ठेवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुने पान:
हे वाचून दोन दिवस गप्प राहिलो, पण आता राहवत नाही. आपण नायिकांची दुःखे तेवढी मोजलीत. त्या दुःखात त्या काय बोलल्या आणि कशा वागल्या, हे मात्र वगळलेत. शकुंतलेचेच पाहा. अंगठी आणि दुर्वासांचा शाप कालिदासाच्या नाटकात आहेत, महाभारताच्या आदिपर्वात नाहीत. तेथे दुष्यंताला सारे आठवत असते, तरी लोक काय म्हणतील या भयाने तो तिला ओळख देत नाही. आणि ती मुलाला घेऊन त्याच्यासमोर उभी राहून सुनावते की, एका पारड्यात हजार अश्वमेध आणि दुसऱ्यात सत्य घातले, तर सत्याचेच पारडे जड ठरेल. हे नाव मुलीला दिले तर तिच्या कपाळी काय लिहिले जाते, ते आपणच सांगा.

शर्मिष्ठा दासी झाली हे खरे, परंतु तिने देवयानीला विहिरीत ढकलले म्हणून देवयानीचे वडील, गुरू शुक्राचार्य, शर्मिष्ठेच्या बापाला, दानवराज वृषपर्व्याला, सोडून जाऊ लागले तेव्हा आपल्या अपराधाची झळ कुळाला लागू नये म्हणून तिने ते पत्करले. तिचाच धाकटा मुलगा पुरू. त्याने बापाचे, ययातीचे, वार्धक्य स्वतःकडे घेतले आणि दुष्यंत पुढे त्याच्याच वंशात झाला. खांडेकरांनी 1959 च्या ‘ययाति’त तिला स्वतःच्या तोंडून बोलू दिले, तेव्हा तिची बाजू मराठी वाचकांपर्यंत घरोघरी पोहोचली. माझ्या मुलीचे नाव शर्मिष्ठा आहे. ती कोणाची दासी झालेली नाही आणि होणारही नाही.

पाटीपेन्सिल:
जुने पान, आपली विद्वत्ता मान्य, पण नाव महाभारतात राहत नाही, ते शाळेच्या हजेरीपटावर राहते. मी हौसेने मुलीचे नाव कादंबरी ठेवले. बाणभट्टाची नायिका, जिच्या नावावरून आपण अख्ख्या वाङ्मयप्रकाराला नाव दिले, याहून सुंदर ते काय, असे मला वाटे. पहिलीपासून दहावीपर्यंत तिला ‘किती पानांची?’ हा एकच प्रश्न ऐकावा लागला, आणि पुढे कोणीतरी कोशातून त्या शब्दाचा मद्य हाही अर्थ शोधून काढला. ती रडत घरी आली तेव्हा बाणभट्ट माझ्या कामास आला नाही. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहायचे आहे. त्यात शर्मिष्ठा बसवून रोमन लिपीत दहा ठिकाणी एकसारखे लिहून दाखवा. देवगिरी यांचे सोप्या नावाचे म्हणणे मला पटते.

जुईचा वेल:
आपण सारे नाव ठेवण्यावर भांडत आहात. ते किती दिवस टिकू दिले जाते, यावर कोणीच बोलत नाही. माझे वडील शाळेत संस्कृत शिकवीत. त्यांनी कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकातून माझे नाव मालविका ठेवले, आणि चोवीस वर्षे मी त्या नावाने वाढले, शिकले, पदवी घेतली. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरेच नाव लिहिले गेले. मला कोणी विचारले नव्हते. वडील शेजारी बसून त्या ताटाकडे पाहत होते आणि एक शब्दही बोलले नाहीत. पुढे पदवी एका नावाची आणि बँकेचे खाते दुसऱ्या नावाचे, म्हणून राजपत्रात जाहिरात द्यावी लागली, तीही नवे नाव पक्के करण्यासाठी.

पूर्वरंग:
हा विषय वेगळा आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा. आणि प्रत्येक रीतीला अन्याय म्हणण्याची आवश्यकता नाही. माझ्या आईचे सासरचे नाव वडिलांनी स्वतः निवडले होते. तिला ते माहेरच्या नावापेक्षा प्रिय होते आणि शेवटपर्यंत ती तेच अभिमानाने सांगत असे.

जुईचा वेल:
विषय वेगळा नाही. मुलीला अर्थपूर्ण नाव द्यायचे आणि ते पुसण्याचा अधिकार दुसऱ्या घराला द्यायचा, तर ही चर्चा कशासाठी? आपल्या आईंना नवे नाव आवडले, याचा मला आनंद आहे; मला आवडले नाही, हेही आपण तितक्याच आदराने ऐकून घ्यावे.

पूर्वरंग:
मी अनादर केलेला नाही. माझ्या आईला कोणी बिचारी ठरवू नये, एवढेच मला म्हणायचे होते.

जुने पान:
जुईचा वेल यांचा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना आणि रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुना. दोघींनी सासरच्या नावाने एवढे कर्तृत्व केले की यमुना कोणाच्या स्मरणात उरली नाही. पूर्वरंग, आपल्या आईंविषयी कोणी काही म्हटलेले नाही. पण नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही, म्हणून हा प्रश्न त्या मुलीलाच विचारला गेला पाहिजे.

पूर्वरंग:
विचारले पाहिजे, इथपर्यंत मान्य. त्याहून अधिक नाही.

पाटीपेन्सिल:
एक सांगायचे राहिले. माझ्या कादंबरीला गेल्या वर्षी लग्नात नाव बदलणार का असे विचारले, तेव्हा ती म्हणाली की, या नावासाठी दहा वर्षे भांडले आहे, ते आता कोणाला देणार नाही. यावरून जुने पान यांनी लगेच विजय मानू नये. शाळेतले ते रडणे मी विसरलेले नाही.

देवगिरी:
सर्व वाचले. आदिपर्वातील शकुंतला मला ठाऊक नव्हती, ही माझी चूक कबूल करतो. मी नाटकच प्रमाण धरून चाललो होतो. सिंधूविषयी मात्र माझे मत तसूभरही बदललेले नाही आणि शर्मिष्ठा हे नाव मला अजूनही जड वाटते. काल सुनेला विचारले की, हेच नाव का. ती म्हणाली, तिच्या आईने माहेरून आणलेल्या मोजक्या पुस्तकांत ‘ययाति’ होते आणि त्याच्या पहिल्या पानावर आईचे लग्नाआधीचे नाव आहे. ते नाव मला आजवर माहीत नव्हते. बारसे रविवारी आहे. नाव आत्या सांगेल, मी आडवा येणार नाही.